सॅकमधल्या दोन पुड्या

पावसाळा लागला की शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून गडांकडे निघणाऱ्या बसगाड्यांत आता कॉलेजच्या मुलांबरोबर पन्नाशी ओलांडलेली, निवृत्त झालेली, डॉक्टरांनी ‘चालत राहा’ म्हणून बजावलेली माणसंही दिसतात. ही फार चांगली गोष्ट आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह असतो, यातही नवल नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. या मंडळींचा निघण्याआधीचा प्रश्न ठरलेला असतो: साखर वाढणार नाही असं सॅकमध्ये काय घेऊ?

उत्तरही हल्ली ठरलेलंच मिळतं. कमी कर्बोदकांचं घ्या. शेंगदाणे, बदाम, पनीर, उकडलेली अंडी चालतील. केळी, चिक्की, बिस्किटं, खजूर यांना हात लावू नका. हे उत्तर बरोबर आहे, पण ते बसलेल्या माणसासाठी तयार झालेलं आहे. चढावरच्या माणसाला ते जसंच्या तसं लावलं, तर काहींना त्याचा फायदाच होईल आणि काहींच्या ते जिवावर बेतेल. या दोन गटांतला फरक वयाचा नाही, वजनाचा नाही, उत्साहाचाही नाही. तो बहुतांशी औषधांच्या चिठ्ठीत असतो. म्हणून सॅक भरण्याआधी ती चिठ्ठी नीट वाचावी, असं मला वाटतं.

आधी कमी कर्बोदकांची बाजू, कारण ती भक्कम आहे. ट्रेकचा आपला नेहमीचा आहार पाहा. पहाटे पायथ्याच्या गावात पोहे आणि साखरेचा चहा, वाटेत बिस्किटं आणि चिक्की, वर गेल्यावर लिंबू सरबत, दुपारी पिठलं-भाकरीबरोबर भात, उतरल्यावर पुन्हा चहा आणि भजी, परतीच्या बसमध्ये फरसाण. यात पिष्ट आणि साखर यांची रेलचेल आहे, प्रथिनं मात्र नावापुरती. शिवाय ‘आज एवढं चाललो, आज सगळं चालतं’ ही समजूत सोबतीला असतेच. सहा तास चालून आलेला मधुमेही घरी येऊन तपासतो तेव्हा साखर आदल्या दिवसापेक्षा जास्त निघते आणि तो चालण्यावरच रुसतो.

दर तासाला गोड खाल्लं नाही तर अंगात ताकद राहणार नाही, ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. साध्या चालीने चालताना शरीर चरबीही जाळत असतं. राजमाचीची लांबलचक सपाट वाट असो की आतकरवाडीतून सिंहगड, आदल्या रात्री जेवून निघालेल्या, फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाला वाटेत केळ्यांचा घड लागत नाही. मेटफॉर्मिन एकटं असेल तर त्याने साखर धोकादायक खाली जाणं विरळा. अशा माणसाने शेंगदाणे, सुकं खोबरं, भोपळ्याच्या बिया, काकडी आणि मीठ-जिरं घातलेलं ताक एवढ्यावर गड चढावा, उतरावा आणि खुशाल घरी यावं. त्याच्यासाठी कमी कर्बोदकांचा सल्ला पूर्णपणे योग्य आहे.

मात्र ‘कमी कर्बोदकांचं’ म्हणून जे विकलं किंवा सुचवलं जातं त्यातलं बरंचसं तसं नसतं. मखाणे हे याचं ठळक उदाहरण. ते हलके, कुरकुरीत आणि गुणी म्हणून प्रसिद्ध आहेत. पण वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश त्यात कर्बोदकंच असतात. फुटाणे शेंगदाण्यांच्या पंगतीत बसवले जातात, तेही पूर्ण खरं नाही. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातलाही बराच भाग चोथ्याचा. तेवढ्याच फुटाण्यांत सतराच्या आसपास. फुटाणे वाईट नव्हेत, त्यांत प्रथिनं आणि तंतू भरपूर आहेत आणि साखर ते हळू चढवतात, पण हिशेबात ते धरावे लागतात. थालीपिठाच्या भाजणीत डाळी असल्या तरी मुख्य ऐवज धान्याचाच. गूळ साखरेपेक्षा सौम्य मानून चिक्कीला सूट देणारेही पुष्कळ. लोणावळ्याची चिक्की कितीही जुन्या दुकानातली असली, तरी त्यातला गूळ मधुमेह्याच्या रक्तात जाऊन साखरच होतो. खजूर ‘नैसर्गिक’ खरा, पण त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरेचा असतो.

शहरी दुकानांत मिळणाऱ्या ‘शुगर फ्री’ आणि ‘डायबेटिक’ पाकिटांबद्दल तर अधिक सावध राहायला हवं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर घन पदार्थावर ‘साखरमुक्त’ लिहिता येतं. मैद्याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. मैद्याचं बिस्किट साखरेविना केलं तरी पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होणार. गोडीसाठी वापरलेल्या माल्टिटॉल-सॉर्बिटॉलमुळे काहींचं पोट बिघडतं, आणि गडावर पोट बिघडणं म्हणजे काय हे ट्रेकरांना सांगायला नको. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत शंभर ग्रॅमचा तक्ता असतो. त्यातली एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी, पुढची मोठी अक्षरं सोडून द्यावीत. आणि ते पाकीट परत घरी आणावं. आपल्या किल्ल्यांच्या तटाखाली चमकणाऱ्या वेष्टनांचे ढीग साचले आहेत, त्यात आरोग्यासाठी चालायला आलेल्यांनी भर घालू नये.

शेंगदाण्यांची भलामण करताना एक अडचण मान्य करायला हवी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, आणि गप्पा मारत खाल्ले तर शंभर ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. खारवलेले असतील तर रक्तदाब असणाऱ्यांसाठी मिठाचा वेगळा प्रश्न. ज्यांच्या मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे त्यांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. अंडी आणि पनीर उत्तम, पण सकाळच्या न्याहारीपुरती. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत सॅकमध्ये राहिलेलं पनीर खाऊ नये. मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते ती आपल्या घरातली जवस-तीळ-शेंगदाण्याची कोरडी चटणी. डबीत राहते, भिजत नाही, काकडीला लावून खाता येते, अर्ध्या भाकरीलाही पुरते.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या चिठ्ठीत इन्सुलिन आहे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही आहे, त्यांचं गणित मुळातच वेगळं. (भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत सर्रास दिलं जातं, गोळीचं नाव काहीही असो, आत काय आहे ते वाचावं.) ही औषधं रक्तातली साखर खाली ओढतात, माणसाने काही खाल्लं आहे की नाही याची वाट न पाहता. दुसरीकडे चालणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत घेऊ शकतो. औषध एका बाजूने ओढतंय, पाय दुसऱ्या बाजूने ओढतायत, आणि सॅकमध्ये फक्त बदाम आहेत, अशी ही स्थिती. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला हायपो म्हणतात. ५४ च्या खाली मेंदूचं काम अडखळू लागतं. बदामातली स्निग्धता आणि प्रथिनं हे पडणं वेळेत थांबवू शकत नाहीत.

गडावरचा हायपो जास्त धोकादायक असण्याचं कारण तो ओळखू येत नाही हे आहे. घाम, धडधड, थरथरणारे हात, भूक, चिडचिड ही त्याची लक्षणं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढणाऱ्या कोणाला घाम येत नाही? कोणाची छाती धडधडत नाही? ज्यांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी आहे त्यांची तर धडधडही दबते, घाम तेवढा राहतो. सोबती म्हणतात, काका दमलेत, बसू द्या थोडं. काका विचित्र बोलायला लागले, वाट सोडून भलतीकडे चालू लागले, तरी ते दमण्याच्याच खात्यात जातं. आजूबाजूला दरी असते आणि मोबाइलला रेंज नसते.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. खडा, दमछाक करणारा चढ अंगावर आला की शरीर अॅड्रिनलिन सोडतं आणि साखर काही काळ वर जाते. तहानेने शरीर कोरडं पडलं तरी आकडा वाढलेला दिसतो. अशा वेळी वर पोहोचून तपासणारा मधुमेही २२० बघून घाबरतो, खाणं टाळतो, कधी इन्सुलिनचं एखादं युनिट जास्त घेतो. मग उतरताना दोन तासांनी आकडा कोसळतो. बोटाला चिक्कीचा गूळ किंवा केळ्याचा चिकटा लागलेला असला तरी ग्लुकोमीटर खोटा मोठा आकडा दाखवतो, म्हणून तपासण्याआधी बोट पाण्याने धुऊन कोरडं करणं हा गडावरही न चुकवण्याचा नियम आहे. पट्ट्यांची डबी पावसात उघडी राहिली तर पट्ट्याही बिघडतात. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे चालतो. साखर वेगाने पडत असेल तर सेन्सर ८५ म्हणेल तेव्हा रक्तात ती आणखी खाली गेलेली असू शकते.

महाराष्ट्रात खाण्याच्या वेळांवरून गेली काही वर्षं मोठा वाद झाला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत घराघरांत पोहोचली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्लाही तितकाच गाजला. दोन्ही बाजूंनी फरक पडलेली माणसं आपल्या ओळखीत असतात आणि ती निष्ठेने बोलतात. रोजच्या आयुष्यात कोणती पद्धत कोणाला मानवते, हा ज्याचा-त्याचा आणि डॉक्टरांचा प्रश्न. पण इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याने राजगडाच्या चढावर यातली कोणतीही निष्ठा मिरवू नये. त्या दिवशी घड्याळ ठरवणार नाही, चढ ठरवेल. दोन जेवणांच्या पद्धतीवर असलेल्याने ट्रेकच्या दिवशी औषधाचं काय करायचं हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावं; अनेकदा त्या दिवसापुरता डोस कमी करतात. आणि डोस कमी करून कमी खाणं हे डोस तसाच ठेवून खात राहण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचं असतं. इथे कमी कर्बोदकांची बाजू पुन्हा वर येते, हे कबूल केलं पाहिजे: औषध नीट बेतलं, तर या गटालाही दिवसभर गोड चघळावं लागत नाही.

म्हणून मला पदार्थांच्या यादीपेक्षा वेळेचा विचार जास्त उपयोगाचा वाटतो. तेच केळं पहाटे चार वाजता बसमध्ये खाल्लं आणि मग दोन तास बसून काढले, तर त्याची साखर रक्तात साचते. तेच केळं अर्धं-अर्धं करून चढावर खाल्लं तर पायांचे स्नायू ते जाता-जाता वापरून टाकतात. बस, तंबू, गडावरची लांब विश्रांती, परतीचा प्रवास या बसण्याच्या वेळा. तिथे शेंगदाणे, चटणी, अंडं, ताक. चढ आणि लांबची चाल ही जाळण्याची वेळ. तिथे इन्सुलिनवाल्याने तासा-सव्वातासाने तपासून, आकडा खाली सरकत असेल तर मूठभर फुटाणे, अर्धं केळं, एखादा खजूर घ्यायला कचरू नये. आपल्याकडे नेमकं उलट होतं. बसमध्ये फरसाणाची पिशवी फिरते आणि चढावर माणूस निग्रहाने काही खात नाही.

पण या खाण्याच्या पुडीबरोबर दुसरी एक पुडी लागते, आणि तिची पहिलीशी गल्लत करता कामा नये. ती ग्लुकोजची. हायपो झाला की पंधरा ग्रॅम शुद्ध साखर तोंडात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा पंधरा ग्रॅम, ही जगभर मान्य झालेली रीत आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे. त्याजागी चॉकलेट चालत नाही, कारण त्यातल्या स्निग्धतेने साखर उशिरा शोषली जाते, चिक्कीचंही तेच. डाएट कोला आणि शुगर फ्री बिस्किटं तर पूर्ण निरुपयोगी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: ही औषधं घरच्या साखरेचं पचन लांबवतात, म्हणून साखर-पाणी किंवा सरबत त्यांच्यावर वेळेत लागू पडत नाही. त्यांना ग्लुकोजची पावडरच हवी. आपल्याकडे व्होग्लिबोज खूप दिलं जातं, आणि ही गोष्ट रुग्णाला सांगितली जातेच असं नाही. पुडी सॅकच्या तळाशी नको. पँटच्या खिशात हवी, आणि निदान एका सोबत्याला ती कुठे आहे हे माहीत हवं. माणूस बेशुद्ध झाला असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये. कुशीवर वळवावं आणि मदत बोलवावी.

ही दुसरी पुडी घेताना मधुमेह्याला संकोच वाटतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वर्षानुवर्षं साखर म्हणजे अपराध असं ऐकलेलं असतं. थरथरत्या हातांनीही माणूस म्हणतो, नको, वाढेल. घरच्या माणसांनी हा संकोच मोडून काढायला हवा. पथ्य पाळणारा मधुमेहीच ऐन वेळी ग्लुकोज नाकारतो, ही मला या साऱ्या विषयातली सगळ्यात काळजीची बाब वाटते.

कमी कर्बोदकांचा आग्रह एका तिसऱ्या गटाला वेगळ्याच बाजूने धोक्याचा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांच्यासाठी ती गुणकारी ठरली आहेत, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर किमतीही उतरल्या, तेव्हा ती आता पुष्कळांच्या चिठ्ठीत दिसतात. पण ही गोळी चालू, कर्बोदकं जवळजवळ बंद, दिवसभर श्रम आणि पाणी कमी, असा योग जुळला तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास ही लक्षणं उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिली जातात. या गोळीवर असलेल्याने ट्रेकच्या दिवशी कडक ‘कीटो’ अजिबात करू नये, भरपूर पाणी प्यावं, आणि गोळी आधी थांबवायची का हे विचारून घ्यावं.

श्रावणात हेच सगळं श्रद्धेच्या अंगाने समोर येतं. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकरला चढणारे अनेक जण सोमवारी उपवास करतात. सकाळची गोळी घेतलेली, पोट रिकामं, आणि पुढे काही तासांचा चढ. मग फराळाला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे मुख्यतः पिष्टच. आधी साखर खोल आणि मग उंच. उपवासाला माझा विरोध नाही. शेंगदाणे, खोबरं, काकडी, दही, ताक हे सगळं बहुतेक घरांत उपवासाला चालतं आणि ते कमी कर्बोदकांचंच आहे. पण औषध आणि उपवास यांचा मेळ डॉक्टरांशी बोलून घातल्याशिवाय त्या वाटेला लागू नये.

उरतो प्रश्न ट्रेक नेणाऱ्या संस्थांचा. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. चाळीस माणसांची न्याहारी पायथ्याच्या एका घरात होते; तिथल्या ताईंना प्रत्येकाचं पथ्य सांभाळायला सांगणं अन्यायाचं आहे. पोह्यांबरोबर उकडलेली अंडी किंवा मटकीची उसळ, बिनसाखरेच्या चहाचं एक पातेलं, आणि सरबत विकणाऱ्या मावशींकडे मीठ-लिंबाचा साखरेविना ग्लास मागण्याची मोकळीक, एवढं मात्र सहज जमण्यासारखं आहे आणि त्यात गावाचा पैसा गावातच राहतो. त्याहून महत्त्वाचा आहे नावनोंदणीचा अर्ज. ‘काही आजार आहे का’ या रकान्यात बहुतेक मधुमेही ‘नाही’ लिहितात, कारण ‘हो’ लिहिलं तर नाकारतील अशी धास्ती असते, आणि ती पूर्ण खोटी नाही. पायाला न भरलेली जखम असेल किंवा नुकताच मोठा हायपो होऊन गेला असेल, तर थांबायला सांगणं रास्तच. पण नुसत्या मधुमेहासाठी कोणाला मागे ठेवलं, तर पुढचा माणूस आजार लपवेल आणि लीडरला त्याच्या घामाचा अर्थ कळणार नाही. अर्जात दोन साधे प्रश्न असावेत: तुम्ही इन्सुलिन किंवा साखर खाली नेणारी गोळी घेता का, आणि ग्लुकोज कोणत्या खिशात ठेवता? लीडरच्या प्रथमोपचाराच्या पेटीत ग्लुकोजचं एक पाकीट आणि चालू ग्लुकोमीटर असावा.

श्रमांनंतर स्नायू चोवीस तास, कधी त्याहून जास्त काळ साखर ओढत राहतात. त्यामुळे इन्सुलिनवाल्यांचा हायपो पुष्कळदा रात्री येतो. परतीच्या बसमध्ये दिवे मालवण्याआधी लीडरने अशा प्रत्येकाला उठवून एकदा तपासायला लावावं, आणि घरी पोहोचल्यावर झोपण्याआधी त्याने पुन्हा एकदा तपासून, आकडा शंभरच्या आसपास किंवा खाली असेल तर दूध-भाकरीसारखं काहीतरी पोटात घालून झोपावं.